शॉटगनचं वजन आणि माप यांचा नेमावर काय परिणाम होतो?

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं कांस्यपदक एका गुणाने हुकलं. चीन ४४, भारत ४३. एक गुण म्हणजे ११ सेंटीमीटर व्यासाची एक उडती तबकडी. या पातळीवरचे नेमबाज बंदुकीच्या मापात मिलिमीटरचाही हिशेब करतात, तो यामुळेच.

डोळा हाच मागचा माशी-खाचा

रायफलला नेम धरण्यासाठी मागे आणि पुढे अशा दोन खुणा असतात. शॉटगनला मागची खूणच नसते. नळीच्या टोकाला फक्त एक छोटा मणी असतो आणि मागच्या खुणेचं काम नेमबाजाचा डोळा करतो. हा डोळा कुठे येणार, ते गाल दस्त्यावर कुठे टेकतो यावर ठरतं.

डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण १ मीटर धरू. डोळा ३ मिलिमीटर वर गेला, तर ३५ मीटरवर छऱ्यांचा मारा सुमारे १० सेंटीमीटर वर सरकतो. म्हणजे जवळपास अख्ख्या तबकडीएवढा! छरे पसरतात, त्यामुळे थोडी चूक खपून जाते, पण कडेला ते विरळ असतात.

दस्त्याची लांबीही महत्त्वाची. लांब दस्ता खांद्याला लावताना कपड्यात अडकतो. फार आखूड असेल तर धक्क्याने अंगठा नाकावर आपटू शकतो. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावता येते. स्कीटमध्ये मात्र तबकडी दिसेपर्यंत ती कमरेजवळ धरावी लागते, त्यामुळे तिथे चुकीचं माप लगेच उघडं पडतं. जाड स्वेटर घातला तरी दस्ता लांब झाल्यासारखा वाटतो. बाजारातली तयार बंदूक बहुधा सरासरी पुरुषाच्या बांध्यावर बेतलेली असते, याचा त्रास अनेक महिला नेमबाजांना होतो.

मग वजन किती हवं?

काडतूस तेच ठेवून ३ किलोऐवजी ४ किलोची बंदूक घेतली, तर धक्क्याची ऊर्जा साधारण पाव हिश्शाने कमी होते. दिवसभरात शंभरेक बार काढायचे असतील तर खांद्याला हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय जड बंदूक एकदा फिरू लागली की एका लयीत फिरत राहते. हलकी पटकन वळते, पण तितक्याच पटकन थांबते आणि छरे तबकडीच्या मागून जातात. ट्रॅपच्या बंदुका साडेतीन ते चार किलोच्या असतात, त्या यासाठीच. अर्थात हात थकवणारं वजन कुणाच्याच कामाचं नाही. वजन नळीकडे जास्त आहे की दस्त्याकडे, यावरही फिरवण्याची सहजता ठरते.

नवी बंदूक घेण्याआधी माप तपासून पाहणं स्वस्त पडतं. साडेचौदा मीटरवर मोठा कागद लावायचा, मधल्या ठिपक्याकडे पाहून बंदूक नेहमीसारखी उचलायची आणि नेम जुळवत न बसता बार काढायचा. असे पाच-सहा बार काढल्यावर छऱ्यांचा पुंजका एकाच बाजूला झुकलेला दिसला, तर दोष मापाचा असण्याची शक्यता जास्त. पुंजका १६ मिलिमीटर सरकला असेल, तर दस्त्यात साधारण १ मिलिमीटरचा बदल पुरतो.