पंखांनी पोहणारा ठिपकेदार पाकट: जाळ्यात सापडला तर काय कराल?

कोकण किनाऱ्यावर पाकट किंवा वागळी सगळ्यांच्या ओळखीची. पण कधी कधी जाळ्यात काळपट पाठीवर पांढरे ठिपके असलेला, पक्ष्यासारखे टोकदार पंख आणि चाबकासारखी लांब शेपटी असलेला मोठा मासा येतो. हा गरुड पाकट. शास्त्रीय नाव एटोबॅटस ओसेलाटस. पूर्वी जगभरातले असे ठिपकेदार पाकट एकाच जातीचे समजले जायचे. आता अटलांटिक महासागरातली जात वेगळी आणि आपल्या हिंदी महासागर-पॅसिफिक भागातली वेगळी मानतात.

ओळखायचा कसा?

साधा पाकट थाळीसारखा चपटा, वाळूत अंग पुरून बसणारा. गरुड पाकट बहुतेक वेळ पोहत असतो, तोही पंख वरखाली हलवत, घार उडावी तसा. डोकं अंगापासून वेगळं उठून दिसतं आणि तोंडाचा पुढचा भाग बदकाच्या चोचीसारखा. पोट पांढरं. पूर्ण वाढलेल्या माशाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 3 मीटरपर्यंत भरू शकतात, पण नेहमी दिसणारे यापेक्षा बरेच लहान असतात. मुशीसारखाच हाही कूर्चेचा मासा, अंगात खरी हाडं नाहीत.

खातो काय?

तिसऱ्या, कालवं, शंख-शिंपले, खेकडे. चोचीने वाळू उकरून भक्ष्य शोधतो. तोंडात सुटे दात नाहीत, तर जात्याच्या तळीसारख्या सपाट पट्ट्या असतात. त्यांनी कवच फोडायचं, तुकडे थुंकायचे आणि मांस गिळायचं. म्हणूनच भरतीच्या पाण्याबरोबर तो उथळ भागात, खाडीच्या तोंडाशीही येतो. कधी एकटा, कधी थव्याने फिरतो, आणि मध्येच पाण्याबाहेर उंच उडी मारतो. ही उडी नेमकी कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

काटा कुठे असतो?

शेपटीच्या टोकाला नाही, बुडाशी. करवतीसारखे दाते असलेला आणि विषारी. एकापेक्षा जास्त काटेही असू शकतात. मासा स्वतःहून माणसावर चाल करत नाही. अपघात होतात ते जाळ्यातून सोडवताना. मेलेल्या माशाचा काटाही तितकाच धोकादायक, हे विसरू नका.

काटा लागला तर:

- जखम स्वच्छ पाण्याने धुवा.
- सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून तपासावं, नाहीतर भाजेल.
- छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर ओढून काढू नका. तसंच ताबडतोब दवाखान्यात न्या.
- जखम लहान असली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्टरचा सल्ला घ्याच. काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते.

संख्या का घटते?

बांगडा, तारली हजारोंनी अंडी घालतात. गरुड पाकटाची मादी मात्र पिल्लांना पोटात वाढवते, तेही सुमारे वर्षभर. सुरुवातीला पिल्लू अंड्यातल्या बलकावर आणि नंतर आईच्या गर्भाशयातल्या दुधासारख्या द्रवावर पोसतं. एका वेळी पिल्लं मोजकीच, आणि त्यांना वयात यायला काही वर्षं लागतात. म्हणजे एक गाभण मादी मेली की तिच्या जागी दुसरी तयार व्हायला किती काळ जाईल, हिशेब तुम्हीच करा. अतिमासेमारीमुळे जागतिक पातळीवर ही जात धोक्यात असलेल्या माशांमध्ये गणली जाते.

जिवंत सापडला तर

रापणीत किंवा जाळ्यात जिवंत आला आणि सोडायचं ठरवलं, तर घाई करा पण शेपटीला हात लावू नका. शेपटी धरून उचललं तर माशालाही इजा होते, तुम्हालाही. डोळ्यांमागच्या छिद्रांत बोटं घालू नका, त्यातून तो श्वासासाठी पाणी घेतो. जाळं कापावं लागलं तर शेपटीपासून लांब उभं राहून कापा आणि फळीवरून सरकवत पाण्यात सोडा. पोरांना जवळ येऊ देऊ नका.