दुसऱ्या गळ्यात गेलेली चीज

ओझरहून आग्रा रोडने निघालं की तासाच्या आत पंचवटी येते. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम इथला. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला येऊन रामनामात रमले. 'रघुपती राघव' आपण आज ज्या चालीवर म्हणतो, ती चाल पलुस्करांच्याच नावावर आहे. १९३०च्या दांडीयात्रेत ती घुमली, गांधीजींच्या प्रार्थनासभांत रुजली, आणि आज ओझरच्या शाळेतलं पोरही ती सहज म्हणून जातं. पुढे १९६९ साली गांधीजींची जन्मशताब्दी आली. त्या निमित्तानं कुमार गंधर्वांनी 'गांधी मल्हार' हा नवा राग बांधला. कुमारांची प्रतिभा, गांधींचा विषय आणि साऱ्या देशाचा सोहळा! तरीही हा राग तुम्ही समोर बसून शेवटचा कधी ऐकलात, ते आठवून पाहा. कुमारांच्या शिष्यपरिवाराबाहेर तो फारसा कुणी गात नाही.

शास्त्रीय संगीतात नवं काही बांधलं, तर ते टिकत का नाही, असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. जुनी मंडळी म्हणतात, पूर्वीसारखं सकस आता कुणाला सुचत नाही. नवी मंडळी म्हणतात, श्रोत्यांचे कान जुन्यातच अडकलेत. मला दोन्ही पटत नाहीत. नव्या चीजेचं आयुष्य पहिल्या मैफलीत ठरत नाही. ती दुसरा कुणी उचलतो का आणि ऐकणाऱ्याच्या कानावर ती फिरून फिरून पडते का, यावर ते ठरतं. मागे वळून पाहिलं की हे ठिकठिकाणी दिसतं.

आज आपण ज्याला जुनं म्हणतो, तेही कधीकाळी फर्माइशीचंच होतं. दिल्लीच्या मुहम्मदशाह रंगीले या बादशहाच्या दरबारात (राज्यकाळ १७१९ ते १७४८) बीनकार नियामत खाँ यांनी 'सदारंग' या नावानं ख्याल बांधले आणि कित्येकांत धन्याचं नावही गोवलं. परंपरा असं सांगते की त्यांनी स्वतःच्या घराण्यात ख्याल गाऊ दिला नाही, तो शागिर्दांना शिकवला. हे खरं धरलं, तर सदारंगांच्या चीजांचं नशीब पहिल्याच दिवशी उघडलं म्हणायचं. त्या जन्मल्याच दुसऱ्याच्या गळ्यासाठी. पुढे घराणी झाली, चीजा राखल्या जाऊ लागल्या. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी उस्तादांकडून त्या मिळवून स्वरलिपीत बसवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. पुस्तकातून त्या अभ्यासक्रमात गेल्या. आज एखादी मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेसाठी यमनचा छोटा ख्याल घोकते, तेव्हा ती घोकणारी एकटी नसते. त्याच सत्रात गावोगावच्या क्लासांतून तोच यमन, तीच सोळा मात्रांची चौकट घोकली जात असते. जुन्या चीजेला असं दर वर्षी नवं पीक येतं. नवी बंदिश अभ्यासक्रमात येईपर्यंत तिचा कर्ता बहुधा हयात नसतो.

महाराष्ट्रात मात्र नव्या चीजेला पुन्हा पुन्हा कानावर घालणारी एक मोठी सोय होती: संगीत नाटक. नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या रात्री तिथं देवलांचं 'शारदा' चालू होतं. इतिहासाच्या पुस्तकात गोळ्यांची नोंद आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १८९९चं नाटक दहा वर्षांनी नाशिकला गर्दी खेचत होतं, म्हणजे त्यातली पदं दहा वर्षं या गावाहून त्या गावी फिरत होती. पुढे १९११ साली 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ साली 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. बखलेबुवांनी नव्या पदांखाली घराण्यांतल्या भारदस्त चीजा अंथरल्या. पद नवं, पण त्याखालची रागाची वाट मळलेली. त्यात भर वन्समोअरची. त्याच रात्री तेच पद पुन्हा, कधी तिसऱ्यांदाही. पहाटे घरी जाणाऱ्या प्रेक्षकाच्या तोंडी चाल बसलेली असायची. नव्या संगीतासाठी याहून चांगली शाळा कुठं झाली असेल, असं मला वाटत नाही.

नाटक मंडळ्या मोडल्या आणि सूत्रं रेडिओकडे आली. आकाशवाणीनं १९५२ साली दिल्लीत पं. रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंद उभा केला. रागांवर आधारलेल्या नव्या वृंदरचना, पदरी उत्तम वादक, पाठीशी सरकार. तीनच वर्षांनी पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांनी गदिमा आणि सुधीर फडके यांना घेऊन 'गीतरामायण' सुरू केलं. १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत ५६ गीतं. दोन्ही कामं एकाच खात्याची, दोन्ही मुद्दाम करवून घेतलेली. त्या वाद्यवृंदातली एक तरी रचना आज कुणाला गुणगुणता येईल का? आणि गीतरामायण ठाऊक नाही असं मराठी घर सापडेल का?

इथं जरा थांबलं पाहिजे, कारण सगळं गुपित त्या आखणीत आहे. नवं गीत शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागायचं, आणि तेच गीत शनिवारी अन् रविवारी सकाळी पुन्हा. एका आठवड्यात तीनदा. पुण्यातली वर्तमानपत्रं गीताचे शब्द छापायची, म्हणजे दुसऱ्या वेळी ऐकताना कागद हातात. कथा सगळ्यांच्या घरची. पहिलं गीत भूपात, शेवटचं भैरवीत. मधल्या वाटेवरही बहुतेक राग ओळखीचे. गाणारे अनेक: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर. म्हणजे पहिल्या वर्षातच ती गाणी एका गळ्याची उरली नाहीत. मग दर रामनवमीला कार्यक्रम ठेवण्याची रीत पडली. पंचवटीच्या शेजारी राहणाऱ्या आम्हाला तर हे वेगळं सांगायला नको. गदिमा-फडके असामान्य होतेच, पण त्यांच्या कामाला एवढी उजळणी लाभली नसती, तर ती गीतंही केंद्राच्या फितींत पडून राहिली असती.

कुणी म्हणेल, गीतरामायण सुगम संगीतात मोडतं. रास्त आहे, म्हणून खास रागदारीतलाच दाखला घेऊ. आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित, 'गुणीदास', यांनी जोगकंस बांधला. खालच्या अंगात जोग, वरच्या अंगात चंद्रकंस. षड्जावरून शुद्ध गंधार, मध्यम, पंचम असं जोगाच्या वाटेनं चढायचं, मग मध्यमावरून कोमल धैवत आणि शुद्ध निषाद घेत तार षड्जाला भिडायचं. उतरताना शुद्ध गंधारावरून पुन्हा मध्यमाला शिवायचं आणि कोमल गंधारावरून अलगद षड्जावर यायचं. वर ताणलेला जीव त्या कोमल गंधारापाशी सैल होतो. आणि गंमत अशी की, वरच्या अंगातला शुद्ध निषादाचा चंद्रकंससुद्धा जुना नाही, तो प्रा. बी. आर. देवधरांच्या नावाशी जोडला जातो. नव्यावर नवं रचलेला हा राग आज देशभर गातात, वाजवतात.

तो का पसरला? जगन्नाथबुवांचे शिष्य पाहा. माणिक वर्मा आधी किराण्याच्या सुरेशबाबू माने आणि हिराबाईंकडे शिकलेल्या. राम मराठे रंगभूमीचे. सी. आर. व्यास किराणा आणि ग्वाल्हेरची तालीम घेऊन आलेले. जितेंद्र अभिषेकी तर अनेक गुरूंचे. एका राग-कर्त्याची चीज चार निरनिराळ्या वळणांच्या गळ्यांत एकाच पिढीत गेली, आणि त्यांच्यापासून पुढच्यांकडे. आपल्याकडे एक अदब आहे, ती चांगलीही आहे: दुसऱ्याच्या घरातली चीज तालमीशिवाय गाऊ नये. पण या अदबीपायी कैक नवे राग कर्त्याबरोबरच गेले. जोगकंसाला ही भिंत आड आली नाही.

कुमारांचे धुनउगम राग — मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, मधसूरजा — मला फार मोलाचे वाटतात. 'अनुपरागविलास'मध्ये ते बंदिशींसह छापलेही आहेत. पण त्यांवर कुमारांच्या उच्चाराची इतकी गडद मोहोर आहे की दुसरा गायक हात लावताना दबकतो. नक्कल केली असं म्हणतील ही भीती, आणि बदललं तर बिघडवलं असं म्हणतील ही दुसरी. त्याच कुमारांची निर्गुणी भजनं मात्र ज्याच्या-त्याच्या तोंडी आहेत, कारण मैफलीच्या शेवटी लोक ती हट्टानं मागतात. प्रभा अत्रे यांच्या स्वतःच्या बंदिशींचंही तसंच. मारुबिहाग आणि कलावतीची त्यांची ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजली, आणि त्या दोन चीजा कितीतरी मुलींनी गुरूच्याही आधी तबकडीवरून उचलल्या. राग दोन्ही परिचयाचे, चीज नवी, आणि सुई मागे नेऊन पुन्हा ऐकायची मुभा.

परिचयाला मी इतकं महत्त्व देतो, त्याला कारण आहे. मालकंस ऐकताना मध्यम कुठं येणार हे मला ठाऊक असतं. गायक तो लांबवतो, हुलकावणी देतो, आणि मी बसल्या जागी अस्वस्थ होतो. रागाची मजा या वाट पाहण्यात आहे. अनोळखी रागात मला वाटच पाहता येत नाही; अर्धा वेळ हा कोणता राग असावा यातच जातो, आणि ओळख पटू लागेतो तबलजी द्रुत धरतो. यात ना गायकाची चूक, ना माझ्या कानाची. एक बैठक पुरत नाही, इतकंच.

पश्चिमेकडेही हेच घडलं आहे. बीथोवनची नववी सिंफनी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीनं १८२२ साली ५० पौंडांत सांगितलेली. १८२४ला व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली, पण पुढची कित्येक वर्षं ती अवघड आणि अडनिडी मानली जात होती. वाग्नरनं ड्रेस्डेनमध्ये १८४६, १८४७ आणि १८४९ असे तीन प्रयोग केले, तेव्हा त्या शहराला ती आपली वाटू लागली. आपल्याकडे मुंबईच्या एनसीपीएत २०१५ साली झाकीर हुसेन यांचा 'पेशकार' हा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा कॉन्चेर्टो सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं करवून घेतला. तो परदेशातही वाजला, पण तबल्यावर झाकीरभाई होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले. आता तो दुसऱ्या तबलजीनं हाती घ्यायला हवा, आणि एनसीपीएनं त्याला पाचारण करायला हवं. कॉन्चेर्टो खरोखर टिकला की नाही, हे तेव्हा कळेल.

माझी तक्रार म्हणूनच कलावंतांकडे नाही. पैसे देणाऱ्यांकडे आहे, आणि आपल्या सगळ्या संगीत सभांकडे, गावागावांतल्या समित्यांकडे आहे. 'प्रथमच सादर' या दोन शब्दांवर देणगी मिळते, बातमी छापून येते, सत्कार होतो. 'दुसऱ्यांदा सादर' असं लिहिलेली निमंत्रणपत्रिका मी आजवर पाहिलेली नाही. कलावंत बिचारा सहा महिने खपून नवा राग उभा करतो, एका संध्याकाळी तो मांडतो, आणि पुढच्या गावी आयोजक सांगतात, बुवा, आमच्याकडे मारवाच घ्या.

म्हणून ओझर-नाशिकच्या रसिकांना आणि आयोजकांना माझी विनंती आहे. यंदा कुणी नवी बंदिश किंवा नवा राग गायला, तर त्याचं नाव आणि कर्त्याचं नाव वहीत टिपून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या घराण्याचा गायक बोलावाल, तेव्हा मानधन ठरवतानाच त्याला विचारा की ही चीज कर्त्याकडून घेऊन आमच्यासाठी गाल का. आणि आवडली, तर हात वर करून वन्समोअर मागा.