कारवारचे पतंग

पतंगांच्या पेट्या पाहताना मी आधी टाचणीखालची चिठ्ठी वाचतो. स्थळ, तारीख, संग्राहक: एवढं नसेल तर नमुना कितीही देखणा असो, अभ्यासाला फारसा उपयोगी नाही.

जॉर्ज हॅम्पसनने 1892 ते 1896 दरम्यान ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांचे 4 खंड लिहिले. त्यांत भर होता प्रौढ पतंगांच्या वर्णनावर. कारवारचा वनाधिकारी टी. आर. बेल यानं पुढची पायरी गाठली. तो जंगलातून अळ्या आणायचा, त्यांना त्यांचाच पाला घालून वाढवायचा, कोषातून पतंग बाहेर पडेपर्यंत नोंदी ठेवायचा. कण्हेरीवरची ती जाड हिरवी अळी घ्या. डोक्यामागे निळे डोळ्यांसारखे दोन ठिपके. डिवचली की ते फुगवून दाखवते. मेलेल्या पतंगावरून हे कुणाला कळणार?

1937 साली बेल आणि त्याचा सहलेखक स्कॉट यांचा हॉकमॉथ या पतंगांच्या गटावरचा खंड निघाला. अळी, कोष आणि खाद्यवनस्पती यांच्या नोंदींमुळे तो मला आजही मोलाचा वाटतो. नव्या संग्राहकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जाळ्याआधी वही घ्या, आणि झाडाचं नाव लिहायला विसरू नका.