परमुलखांतील पंधरा वर्षें

परदेश हा शब्द उच्चारला म्हणजे आज समुद्र, विमान आणि पारपत्र या गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. मराठी भाषेंत मात्र या शब्दाचा अर्थ पुष्कळ काळ याहून जवळचा होता. ज्या मुलखांत आपलें नाणें चालत नाहीं, जेथील कचेरींत आपल्या भाषेंत कागद लिहिला जात नाहीं आणि जेथील कायदा आपणांस उपरा समजतो, तो मुलूख परदेशच होय. मग तो शेताच्या बांधापलीकडे कां असेना! धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम व दक्षिण अंगास असा परदेश जवळजवळ शतकभर नांदत होता. अलीकडे बार्शी आणि सोलापूर हीं ब्रिटिश हद्दींतलीं गांवें. पलीकडे परंडा, कळंब, तुळजापूर, नळदुर्ग हा निजामाच्या हैदराबाद संस्थानचा मुलूख. सोलापूरकडील माणसें त्याला सरसहा ‘मोगलाई’ म्हणत. थोडक्या मिळकतीवर परमुलखांत दीर्घकाळ राहावयाचें तर माणसास काय काय द्यावें लागतें, या प्रश्नाचें उत्तर या सीमेच्या इतिहासांत पाहावयास मिळतें.

ही सीमा सदैव एका जागीं स्थिर होती असें नाहीं. १८५३ च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केले. १८६० मध्यें नळदुर्ग व रायचूर पुन्हां निजामाकडे आले. जिल्ह्याचें ठाणें आरंभीं नळदुर्गास होतें, तें पुढें धाराशिवास आलें. मग त्या गांवास उस्मानाबाद हें नांव मिळालें, आणि २०२३ मध्यें जिल्ह्यासह त्याचें जुनें नांव अधिकृतपणें परत आलें. लातूरचा भाग १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत मोडत असे.

कंपनीच्या त्या अल्पकालीन अमलांत नळदुर्गास जो अधिकारी आला, तो स्वतःच परमुलखांत आयुष्य घालविलेला मनुष्य होता. त्याचें नांव मेडोज टेलर. १८०८ मध्यें लिव्हरपूल येथें जन्मलेल्या या मुलाच्या वडिलांचा व्यापार बसला आणि १८२४ मध्यें त्याला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे धाडण्यांत आलें. पुढें भागीदारी मिळेल, ही आशा. मुंबईस पोहोंचल्यावर कळलें कीं, पेढीचीच अवस्था कठीण आहे. तेव्हां एका नातलगाच्या शिफारशीनें तो जेमतेम सोळा वर्षांचा असतांना निजामाच्या फौजेंत दाखल झाला. कंपनीच्या सनदी नोकरांस जी प्रतिष्ठा व जी निश्चिंती लाभत असे, ती संस्थानी चाकरींत नव्हती. विलायतेची एक रजा सोडली तर १८६० पर्यंतचीं वर्षें त्यानें याच भागांत काढलीं. येथील भाषा तो शिकला. पत्नीचा मृत्यूहि त्याला याच देशांत पाहावा लागला. प्रकृति खालावल्यावर तो मायदेशीं परतला, आणि १८६३ मध्यें त्यानें ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचें कथानक तुळजापुरांत घडतें. मायदेशीं गेलेल्या या माणसाचें मन मागें कोठें रेंगाळत होतें, हें सांगण्यास तेवढी एक गोष्ट पुरे आहे.

टेलर आला त्या काळीं परका कोण आणि आपला कोण, याचा लेखी नियम नव्हता. शिफारस असली म्हणजे चाकरी मिळे. पुढें संस्थानचा कारभार नव्या पद्धतीनें सुरू झाला, उत्तर हिंदुस्थानांतून शिकलेले लोक मोठ्या पदांवर येऊं लागले, आणि स्थानिक सुशिक्षितांत असंतोष उत्पन्न झाला. त्यांतून ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हा भेद दृढ झाला. १९१९ मध्यें निजामाच्या फर्मानानें हे नियम पक्के करण्यांत आले. गैरमुलकी माणसास खास मंजुरीवांचून सरकारी नोकरी मिळूं नये, असा त्यांचा आशय होता. जो जन्मानें मुलकी नसेल, त्यानें संस्थानांत किमान १५ वर्षें कायम वास्तव्य केलेलें असावें, आणि आपल्या पूर्वीच्या ठिकाणीं परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे, असें प्रतिज्ञापत्र करून द्यावें.

या अटींतील पहिला भाग मोजतां येण्याजोगा आहे, दुसरा नाहीं. वर्षें पंचांगावर मोजतां येतात, पण परत जाण्याचा विचार सुटला कीं नाहीं हें कोणत्या कचेरींत तपासावें? घरदार सोडून आलेल्या गरीब माणसास तर गांवच्या चार भिंतींचा आधार हीच एक शेवटची ठेव असते. श्रीमंताचें दोन्ही ठिकाणीं घर असूं शकतें; थोडक्या मिळकतीच्या माणसाला मात्र एक कोणतें तरी निवडावें लागतें. कायद्यानें त्याच्याकडून तीच निवड लेखी मागितली होती.

कायद्याच्या आधीं रोजचा व्यवहार उपरेपणाची आठवण करून देई. संस्थानचें नाणें हाली सिक्का, ब्रिटिश हद्दींतलें कलदार. ७ हाली रुपयांस ६ कलदार रुपये हा त्यांचा सरकारी भाव. म्हणजे मोगलाईंत महिना ३५ रुपये मिळविणारा शिक्षक सोलापूरकडील हिशेबानें ३० रुपयांचाच धनी ठरे. सीमेवर करोडगिरीचा नाका असे आणि मालावर शेंकडा ५ जकात पडे. सरकारी कागदांवर फसली सन लिहिला जाई; बार्शीस १९२९ साल चालू असतां परंड्याच्या दप्तरांत १३३८ फसली असे. राज्यकारभाराची भाषा पूर्वी फारसी व नंतर उर्दू. १९१८ मध्यें हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें, तेथील उच्च शिक्षणहि उर्दूंतच होतें. देशी भाषेंत विद्यापीठाचें शिक्षण देण्याचा तो प्रयोग खरोखर मोठा होता. परंतु ती देशी भाषा धाराशिवच्या शेतकऱ्याच्या घरांतली नव्हती. इकडे बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्यें बार्शीपर्यंत आणि १९११ पर्यंत येडशी, ढोकी या मार्गानें लातुरास येऊन पोहोंचली. माल आणि माणसें दोन्ही मुलखांत जाऊं येऊं लागलीं. अंतर कमी झालें, परकेपणा मात्र होता तसाच राहिला.

अशा मुलखांत लोहाऱ्याच्या बाजूस असलेल्या हिप्परगा या खेड्यांत १९२१ मध्यें व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनीं राष्ट्रीय शाळा काढली. असहकारितेच्या त्या दिवसांत महाराष्ट्रांत अनेक राष्ट्रीय शाळा निघाल्या आणि बऱ्याच थोड्या वर्षांत मिटल्या. राष्ट्रीय शाळा म्हटली म्हणजे सरकारी अनुदान नव्हतें. त्यांत संस्थानांत खासगी शाळा, वाचनालय, सभा यांवर सरकारची बारीक नजर असे. अशा शाळेंत शिकविण्यास येणाऱ्याला पगाराची आशा धरण्यासारखें कांहीं नव्हतें. दोन वेळचें जेवण आणि गांवकऱ्यांचा जिव्हाळा, एवढीच त्याची मिळकत.

१९२९ मध्यें या शाळेंत व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नांवाचे एक तरुण शिक्षक आले. ३ ऑक्टोबर १९०३ हा त्यांचा जन्मदिवस. त्यांचें शालेय शिक्षण सोलापुरास झालें. असहकारितेच्या काळीं सरकारी शाळा सोडून त्यांनीं पुढील शिक्षण अमळनेर व पुणें येथें राष्ट्रीय संस्थांत घेतलें. मग कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ ते काम करूं लागले. मुंबई आणि दिल्ली या शहरांतील सार्वजनिक जीवनाची वाट त्यांच्यापुढें मोकळी होती. परंतु दुखण्यानें प्रकृति ढासळली, आणि विश्रांतीच्या शोधांत असलेला हा मनुष्य एका संस्थानी खेड्यांत येऊन मुख्याध्यापक झाला. १४ जानेवारी १९३२ रोजीं त्यांनीं संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

संन्यासाचा अर्थ या प्रसंगीं व्यवहाराच्या अंगानेंहि पाहण्याजोगा आहे. परमुलखांत गेलेल्या माणसाचें अर्धें चित्त नेहमीं मागें गुंतलेलें असतें: घरीं पैसे पाठवावयाचे असतात, लग्नकार्यें असतात, वडिलार्जित जमिनीचा वांटा असतो. मिळकत थोडी असली म्हणजे हे पाश अधिकच काचतात. संन्याशानें हा हिशेबच मिटविला. गैरमुलकी माणसास नोकरी देऊं नये असें सरकार म्हणत होतें. ज्याला नोकरीच नको, त्याला त्या नियमाचें भय कसलें? १९३५ मध्यें ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस गेले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणींत पडले. १९३८ मध्यें शाळा सोडून ते हैदराबादेस गेले आणि स्टेट काँग्रेसच्या चळवळीचे अग्रणी झाले. त्या संस्थेवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वींच बंदी आली होती. १९२९ पासून १५ वर्षें मोजलीं तर तीं १९४४ मध्यें भरतात. तोंवर त्यांनीं संस्थानचा तुरुंग एकाहून अधिक वेळां पाहिला होता.

येणाऱ्यांची ही कथा झाली. जाणारे संख्येनें फार मोठे होते. १८७७ मध्यें सोलापुरास पहिली कापडगिरणी सुरू झाली, नंतर लक्ष्मी, विष्णु, नरसिंग गिरजी या गिरण्या निघाल्या. दुष्काळानें होरपळलेल्या मोगलाईंतल्या गांवांतून माणसें गिरणीच्या भोंग्याकडे चालूं लागलीं. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं तर शहराचा पूर्वभागच वसविला. मराठींतून शिकूं इच्छिणाऱ्या मुलांची वाटहि तीच: सोलापूर, नाहीं तर पुणें. ज्यांना खानावळ परवडत नसे, तीं वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे, अशा सात घरच्या अन्नावर पुष्कळांचें शिक्षण झालें. १९३८ मध्यें ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें, तेव्हां त्यांपैकीं अनेकांना नागपूर विद्यापीठानें प्रवेश दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. शिक्षणासाठीं परमुलखांत जाणें ही तेव्हां हौस नव्हती.

ऑगस्ट १९४७ मध्यें सीमेच्या एका अंगास स्वातंत्र्य आलें, दुसऱ्या अंगास आलें नाहीं. पुढील तेरा महिन्यांत रझाकारांच्या धाकानें सीमेवरील गांवांतलीं कुटुंबें बैलगाड्या जुंपून बार्शी व सोलापूरकडे निघालीं. चळवळीच्या कार्यकर्त्यांनीं सरहद्दीला लागून आपलीं ठाणीं उभारलीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनें शिरली आणि नळदुर्ग त्याच दिवशीं तिच्या हातीं आलें. १७ सप्टेंबरला निजामानें शस्त्रें खालीं ठेविलीं. गाड्या परत फिरल्या. परंतु इतिहासानें याच्या पुढचें पान मिटून ठेवूं नये. त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान वस्तीवर अनन्वित अत्याचार झाले. केंद्र सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें सर्वाधिक झळ पोहोंचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांचीं नांवें नोंदलीं. हा अहवाल जनतेस पाहावयास मिळण्यास २०१३ साल उजाडावें लागलें. जीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातींत राहिलीं, त्यांनाहि स्वतःच्या गांवांत परकें होण्याचा अनुभव आला. परकेपणा अंतरानें येतो तसा एका रात्रींत माणसांच्या मनांतूनहि येतो.

सीमा गेली. हाली सिक्का कांहीं वर्षांत बंद झाला, करोडगिरीचे नाके उठले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. मुलकीचे नियम मात्र हैदराबादच्या बाजूस चिवटपणें टिकले. त्यांवरून १९५२ मध्यें तेथें चळवळ झाली, ऑक्टोबर १९७२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ते वैध ठरविले, आणि १९७३ मध्यें संसदेनें ते रद्द केले. त्याच १९७२ सालीं, २२ जानेवारीस, स्वामी रामानंद तीर्थांचा देह हैदराबादेस पडला. मराठवाडा महाराष्ट्रांत गेल्यावरहि त्यांनीं आपली वस्ती हलविली नव्हती. १९९४ मध्यें नांदेडच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.

निजामाच्या नियमानें जें प्रतिज्ञापत्र मागितलें होतें, तें टेलरला कोणी विचारलें नाहीं. गिरणींत गेलेल्या मजुरांस तें लिहून देतां आलें नसतें, कारण दरवर्षीं पेरणी आली कीं त्यांचें मन गांवाकडे धांवे. हिप्परग्यास आलेल्या शिक्षकानें तें कधीं कागदावर लिहिलें असो वा नसो, त्रेचाळीस वर्षें त्या मुलखांत राहून पुरें केलें. परमुलखांत राहणाऱ्या माणसास तेथील लोक आपला केव्हां म्हणतात, याला वर्षांची मर्यादा घालतां येत नाहीं. त्यांच्या सुखदुःखांत तो उभा राहिला म्हणजे तो त्यांचा होतो, आणि मग त्याच्या गांठीं किती रुपये होते, ते हाली होते कीं कलदार, याची चौकशी कोणी करीत नाहीं.