आयोडिनचं दार

मंडळी, मागच्या वेळी आपण किरणोत्सारी आयोडिनपर्यंत आलो होतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माँटेफिओर रुग्णालयात सॅम्युअल सिडलिन यांनी १९४३ साली ते एका रुग्णाला दिलं. त्याची थायरॉईड काढून बरीच वर्षं झाली होती. तरी शरीरात पसरलेला कर्करोग थायरॉईडचं संप्रेरक बनवतच होता. म्हणजे त्या गाठी आयोडिन ओढत होत्या, आणि त्याच वाटेने किरणोत्सार आत पोचवता आला. १९४६ साली ही हकिगत प्रसिद्ध झाली आणि मोठी आशा पल्लवित झाली.

पण काही रुग्णांच्या गाठी आयोडिन घेतच नव्हत्या. असं का? उत्तराला अर्धं शतक लागलं. आयोडिन पेशीत ओढणाऱ्या प्रथिनाचं जनुक १९९६ मध्ये, ब्राँक्समध्येच, नॅन्सी कॅरास्को यांच्या प्रयोगशाळेत हाती आलं. मग कळलं, की हे जनुक चालू ठेवतात पॅक्स-८ आणि टीटीएफ-१ हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. डीएनएवर बसून कुठलं जनुक वाचलं जावं हे ठरवणारी ही प्रथिनं. कर्करोग उग्र होताना ती मंदावली, की पेशी थायरॉईडपण विसरते आणि आयोडिनचं दार मिटतं.

हे दार पुन्हा उघडेल का? २०१३ मध्ये सेल्युमेटिनिब या औषधाने पेशीतले वाढीचे बेफाम संकेत दाबून पाहिले. २० पैकी १२ रुग्णांच्या गाठींत आयोडिन अधिक जाऊ लागलं. ८ जणांना तो जुनाच उपचार पुन्हा देता आला. म्हणजे पेशी विसरली होती, पण कायमची नव्हे.