'जिमखाना फी' : एका विद्यार्थी-पट्टीचा इतिहास

महाराष्ट्र विधानमंडळाने 1987 साली कॅपिटेशन फीस मनाई करणारा जो अधिनियम संमत केला, त्याच्या चौथ्या कलमात शासनाने नियमन करावयाच्या शुल्कांची एक यादी आहे. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, अनामत रक्कम, परीक्षा, वसतिगृह आणि भोजन ही तीतील परिचित नावे होत. याच यादीच्या मध्यावर, वार्षिक पद्धतीने घ्यावयाची म्हणून, जिमखाना फी येते. महाविद्यालयीन खेळांसाठी विद्यार्थ्याकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेचा राज्याच्या कायद्याने असा नामनिर्देश केला आहे. प्रस्तुत टिपणात या नावाचा आणि त्यामागील वस्तूचा विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी अहमदनगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर) डोळ्यांपुढे ठेवला आहे.

1987 पूर्वी ही फी नव्हती असे मुळीच नाही. नगर येथे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 साली अहमदनगर कॉलेज स्थापन केले. दोन वर्षांनी पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले आणि जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. या विद्यापीठाला जन्म देणारा 1948 चा अधिनियम मुंबई विधिमंडळाचा. विद्यापीठविषयक कायद्यांची जुनी रीत अशी की, विधिमंडळाने शुल्क घेण्याचा अधिकार तेवढा द्यावा आणि आकारणीचा तपशील विद्यापीठाने आपल्या नियमांनी ठरवावा. त्यामुळे खेळांसाठी घ्यावयाच्या रकमेवर विधानसभेत मत मागण्याचा प्रसंग सहसा येतच नसे. श्रीरामपूर, संगमनेर येथे 1960 च्या सुमारास महाविद्यालये निघाली, तेव्हा इतर बाबींबरोबर ही बाबही पावतीवर आपोआप आली.

आता नावाकडे वळू. 'जिमखाना' हा शब्द इंग्रजांनी येथे येऊन घडविला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या कोशात त्याचा पहिला आढळ 1861 साली रुडकी येथे दाखविला असून, 'गेंदखाना' या हिंदुस्थानी शब्दावर 'जिम्नॅस्टिक्स'ची छाया पडून तो झाला असावा, असा तर्क केला आहे. तर्क पटण्यासारखा आहे. लोकव्युत्पत्तीने शब्दाचे तोंड बदलावे पण धड तसेच राहावे, याचे हे चांगले उदाहरण होय. मुंबईत 1875 साली बॉम्बे जिमखाना आणि पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखाना निघाला. तेथून तो शब्द महाविद्यालयांत गेला आणि विस्तारला. खेळांबरोबर वक्तृत्व, नाट्य, स्नेहसंमेलन हेही 'जिमखान्या'च्या पोटात आले.

मराठीला यासाठी शब्द नव्हता काय? होता. 'तालीम' हा शब्द मूळ अरबी. 'इल्म'च्या कुळातला, अर्थ शिकविणे. हिंदीत तो याच अर्थाने राहिला. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या योजनेला 'नई तालीम' म्हणतात ते म्हणूनच. मराठीत मात्र तो शरीराच्या शिक्षणापुरता आकुंचन पावला. तालीम म्हणजे जेथे मल्ल घडतो ती जागा, आणि दुसऱ्या अंगाने नाटकाची तालीम. वर्ध्याची तालीम आणि पेठेतली तालीम यांचा उच्चार एक, पण मराठी माणसाला त्यांची आठवण एकत्र होत नाही. ज्या भाषेने 'शिक्षण' या अर्थाचा शब्द आखाड्याला दिला, त्याच भाषेच्या प्रदेशात खेळ हा शिक्षण शुल्काहून निराळा, वेगळ्या रकान्यातला खर्च झाला.

'फी' या शब्दाचे स्वरूपही पाहिले पाहिजे. शासनव्यवहारात त्याला 'शुल्क' हा पर्याय रूढ झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष आहे तो नगरद्वारी मालावर जकात घेणारा अधिकारी. 'पट्टी' मराठी राज्यव्यवहारातली : विशिष्ट कारणासाठी रयतेवर बसविलेली जादा आकारणी, शिवराज्याभिषेकाशी निगडित सिंहासनपट्टी सर्वांना ठाऊक आहे. 'वर्गणी' राजीखुशीची. आता प्रश्न असा की, जिमखाना फी या तिघींपैकी कोण? प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाने ती द्यावयाची आहे, म्हणून वर्गणी नव्हे. मैदानावर पाऊल न ठेवणाऱ्यानेही द्यावयाची आहे, म्हणून उपभोगाचा मोबदला या अर्थाने फीही नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती पट्टी आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात (हे शिरूर उडुपीकडचे, नगर-पुणे रस्त्यावरचे नव्हे) कर आणि फी यांतील भेद सांगितला : कर सक्तीचा आणि सार्वजनिक प्रयोजनासाठी, फी विशिष्ट सेवेच्या बदल्यात. पुढील निकालांनी ही अट बरीच सैल केली आणि पैशाला पै असा हिशेब जुळण्याऐवजी स्थूल संबंध पुरेसा मानला. खटला महाविद्यालयीन शुल्काविषयी नव्हता हे खरे. परंतु कसोटी म्हणून ती लावून पाहण्यास हरकत नसावी.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा जिल्हा. राज्य परिवहनाची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी नगरहून पुण्यास निघाली, आणि तेव्हापासून येथील उच्च शिक्षण एस.टी.च्या वेळापत्रकाशी बांधले गेले आहे. अकोले, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांच्या खेड्यांतून येणारा विद्यार्थी शेवटचा तास आटोपताच स्थानक गाठतो. खो-खोचा सराव संध्याकाळी सुरू होतो तेव्हा तो गाडीत असतो. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे. फीचे समर्थन 'सोय उपलब्ध आहे' असे केले जाते. पण ज्या वेळी ती उपलब्ध आहे, त्या वेळी तो तेथे नाही.

1987 च्या कायद्याचे प्रयोजन वेगळे होते. 1983 पासून राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. या जिल्ह्यात लोणी आणि संगमनेर येथे त्याच वर्षी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. राज्यभर फीचा प्रश्न तापला, तेव्हा कायद्याने कॅपिटेशन फीची व्याख्या मान्य दराहून अधिकची, कोणत्याही नावाने संबोधलेली रक्कम, अशी केली. नाव बदलून वस्तू लपविता येते हे कायदेकारांनी येथे ओळखले, हे भाषाभ्यासकाने नोंदवावे. मात्र मान्य शुल्कांच्या यादीतील नावे त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. शिवाय विनाअनुदानित संस्थांचे शुल्क ठरविताना जमीन आणि इमारती यांवरील खर्च धरावयाचा नाही, असेही ठरविले. नफेखोरीस आळा म्हणून ते योग्यच. परंतु खेळाचा सर्वांत मोठा खर्च मैदान हाच असतो, आणि मैदान म्हणजे जमीन. फी खेळासाठी, पण जमिनीचा खर्च तिच्या हिशेबाबाहेर, अशी ही स्थिती आहे.

विधिमंडळाने या प्रश्नात थेट हात घातल्याचे उदाहरण परदेशात मिळते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने 2015 साली कायदा करून, विद्यापीठाच्या क्रीडाखात्याच्या उत्पन्नापैकी किती हिस्सा विद्यार्थी-शुल्कातून यावा याला गटवार मर्यादा घातली. सर्वांत मोठ्या संघांना ती सर्वांत कडक. तेथील परिस्थिती निराळी आहे : तिकिटे, दूरचित्रवाणी, पगारी प्रशिक्षक. नगर विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला तिकीट नाही. पण मुद्दा समान आहे. तेथे प्रमाण विचारले गेले, येथे केवळ नाव मान्य झाले.

नावाचा परिणाम सवलतींत दिसतो. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना 1959 पासून दिलेली सवलत मुख्यतः शिक्षण शुल्काची होती. 8 जुलै 2024 च्या शासननिर्णयाने 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के सवलत दिली, तीही शिक्षण आणि परीक्षा या दोन शुल्कांची. जिमखाना या दोहोंत बसत नाही. रक्कम शिक्षण शुल्काच्या मानाने अल्प, म्हणून तिच्याविषयी कोणी आंदोलन करीत नाही. तथापि शिक्षण शुल्क माफ झालेल्या मुलीच्या पावतीवर उरणाऱ्या रकमांत ती असते.

ही पट्टी रद्द करावी असे सुचवावयाचे नाही. एकाच्या खेळासाठी दहा जणांनी द्यावे यात अन्याय नाही. गावच्या तालमीही अशाच चालल्या. मात्र तालमीत कोणी काय दिले आणि माती, तेल, खुराक यांवर काय खर्च झाले हे गावाला ठाऊक असे. शुल्काची पावती विद्यार्थ्याच्या हाती पडतेच. जिमखान्याच्या जमाखर्चाचा कागद सूचनाफलकावर लावण्यास कोणत्याही नव्या अधिनियमाची गरज नाही.