इंग्रजांचे स्मिथ आणि आपले अत्तार

इंग्रजी अर्जात ‘सरनेम’ असा एक रकाना असतो. शेख, पठाण, मुलाणी लिहून आपण पुढे जातो. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. मूळ नावावर चढवलेलं जादा नाव, एवढाच त्याचा अर्थ.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्याआधी तिथल्या माणसाला सहसा एकच नाव असे. नॉर्मन सरदार आपल्या गावाचं किंवा जहागिरीचं नाव लावू लागले. पुढे सामान्य लोकांतही जॉन आणि विल्यम इतके वाढले की ओळखीसाठी जोड लागली. टेकडीजवळ राहणारा हिल, जॉनचा मुलगा जॉन्सन, ठेंगणा तो शॉर्ट आणि लोहार तो स्मिथ. आधी ही जोड त्या माणसाबरोबरच संपे. साधारण 1400 पर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांत ती पिढीजात झाली. 1538 पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवणं सक्तीचं झालं, तशी ती आणखी पक्की झाली.

पेशाची आडनावं मला सर्वांत बोलकी वाटतात. टेलर म्हणजे शिंपी, फ्लेचर म्हणजे बाण बनवणारा. वॉकर म्हणजे चालणारा नव्हे, तर ओलं लोकरी कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा. हेच काम करणाऱ्याला काही भागांत फुलर म्हणत, काही भागांत टकर.

पण अर्थ लवकरच सुटला. कवी चॉसरच्या आडनावाचा मूळ अर्थ चांभार. तो चौदाव्या शतकातला, आणि त्याचे वडील मात्र दारूचे व्यापारी होते. थॅचर म्हणजे गवताने छप्पर शाकारणारा. 1979 ते 1990 पंतप्रधान असलेल्या मार्गारेट थॅचर किराणा दुकानदाराच्या लेक, आणि आडनाव नवऱ्याचं. त्यांचं घराणं कोणत्या कामाचं, असं त्या नावावरून कुणी ठरवलं नाही.

इंग्लंड समतेचा देश होता, असं मी म्हणत नाही. अर्थतज्ज्ञ ग्रेगरी क्लार्क यांनी 2014 च्या पुस्तकात दाखवलं की, जुन्या नॉर्मन आडनावांचे लोक शतकानुशतकं ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये प्रमाणाबाहेर दिसतात. तरीही स्मिथने स्मिथच्याच घरात सोयरीक करावी, असा दंडक तिथे नव्हता.

आपल्याकडे अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी ही आडनावंही पेशाचीच. पेसा सुटला, मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली, पण लग्नाची बोलणी निघाली की आधी बिरादरी विचारली जाते. जन्मावरून कुणी उच्चनीच नाही, हे आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकतो आणि सोयरीक जमवताना विसरतो.

बाहेरचं जग तरी कुठे विसरतं? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांना पुढचं बोलावणं कमी आलं.

नावावरून आपल्याला तोलू नका, हे मागणं रास्तच आहे. ते मागताना आपल्याच दारात आलेल्या पिंजाऱ्याच्या मुलाला आपण कशाने तोलतो, हेही पाहायला हवं.